निर्णय कोणाच्या हाती? सक्रिय नागरिकत्व आणि सामाजिक नवोपक्रम

नवा शोध म्हटला की सामान्यतः एखादे यंत्र, औषध, बियाणे किंवा अलीकडच्या काळात मोबाइलवरचे एखादे अ‍ॅप डोळ्यांसमोर येते, आणि शोध लावणारी व्यक्तीही प्रयोगशाळेत एकाग्रपणे काम करणारी अशीच कल्पिली जाते. समाजजीवनात मात्र अनेक महत्त्वाचे शोध वस्तूंचे नसून व्यवस्थेचे असतात : पाणी कोणी आणि कोणत्या हिशेबाने घ्यायचे याचा नवा नियम, नवजात बाळाची काळजी कोणी घ्यायची याची नवी वाटणी, जंगलातला बांबू तोडण्याचा आणि विकण्याचा अधिकार कोणाचा याबद्दलची नवी व्यवस्था. सरकार किंवा बाजार यांच्या रूढ चाकोरीतून जी गरज भागत नाही, ती भागवणारी नवी पद्धत निर्माण करणे, आणि ते करता करता माणसामाणसांतील तसेच जनता व सत्ता यांच्यातील संबंध बदलणे, या दुहेरी प्रक्रियेला अभ्यासक सामाजिक नवोपक्रम म्हणतात. ब्रिटनमधील जेफ मल्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरज व संबंध या दोन्ही अंगांवर भर दिला, तर बेल्जियममधील अभ्यासक फ्रँक मूलार्ट यांनी त्याला तिसरे अंग जोडले : ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे त्या वंचित लोकांची स्वतःच्या आयुष्याविषयी निर्णय घेण्याची ताकद वाढली पाहिजे. यांपैकी गरज भागवण्याचा भाग सर्वांना चटकन कळतो आणि अहवालांत मोजताही येतो. संबंध आणि ताकद हे भाग मात्र योजनांच्या कागदांवरून सर्वांत आधी गळून पडतात, आणि ते गळाले की मागे उरते ती केवळ एक नवी सोय.

सक्रिय नागरिकत्व ही संकल्पना इथेच महत्त्वाची ठरते. मतदान करणे, कर भरणे आणि कायदा पाळणे एवढ्यावर नागरिकाचे काम संपत नाही. सार्वजनिक प्रश्न समजून घेणे, त्यावर इतरांबरोबर बसून विचार करणे, हक्क मागणे आणि मिळालेला हक्क प्रत्यक्ष वापरणे, या साऱ्याला मिळून सक्रिय नागरिकत्व म्हणतात. महाराष्ट्राच्या इतिहासात याचे सर्वांत ठळक उदाहरण महाडचे आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले असावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता आणि महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे मान्य केले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेईपर्यंत तो ठराव कागदावरच होता. हक्क कागदावर असतो तेव्हा तो शक्यता असतो. माणसे एकत्र येऊन तो बजावतात तेव्हाच समाजाची घडण बदलू लागते.

लोकसहभाग हा शब्द मात्र आता इतका सैल वापरला जातो की त्याची पारख करण्यासाठी काही माप हाताशी असणे आवश्यक आहे. असे एक माप अमेरिकेतील अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये दिले. तेथील शहरांच्या पुनर्विकास कार्यक्रमांत नागरिकांचा सहभाग कसा घेतला जातो हे पाहून त्यांनी आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली. तळाच्या दोन पायऱ्यांवर सहभागाचा केवळ देखावा असतो. मधल्या तीन पायऱ्यांवर लोकांना माहिती दिली जाते, त्यांचे मत विचारले जाते किंवा त्यांच्यातील काहींना समितीत बसवून त्यांचे समाधान केले जाते, परंतु अंतिम निर्णय दुसरीकडेच होतो. आणि वरच्या तीन पायऱ्यांवर भागीदारी, सोपवलेली सत्ता आणि थेट नागरिकांचे नियंत्रण येते. या मापाने पाहिले तर ज्याला आपल्याकडे लोकसहभाग म्हणतात त्याचा मोठा भाग मधल्या पायऱ्यांवर थांबलेला दिसतो. श्रमदानासाठी गावाला बोलावले जाते, पण बंधारा कुठे घालायचा हे आधीच ठरलेले असते. लाभार्थींची यादी ग्रामसभेत वाचली जाते, पण ती बदलण्याचा अधिकार सभेला असल्याचे फार थोड्यांना ठाऊक असते. अशा सहभागातून काम स्वस्तात होते, कधीकधी चांगलेही होते, परंतु त्यातून नवे काही जन्माला येण्याची शक्यता कमी असते, कारण ज्याला ‘हे असे नको’ म्हणता येत नाही, त्याला ‘मग कसे हवे’ याचा विचार करण्याचे कारणच उरत नाही.

हा विचार करण्याची मोकळीक मिळाली, किंबहुना ती मिळवली, तर काय घडते हे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा या गावात पाहायला मिळते. धानोरा तालुक्यातील हे गाव शेजारच्या लेखा गावाच्या नावासह मेंढा-लेखा म्हणून ओळखले जाते. वस्ती सुमारे ५०० लोकांची, सगळे गोंड आदिवासी, आणि गावाच्या हद्दीतील बहुतेक जमीन जंगलाची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गोदावरी खोऱ्यातील इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या प्रस्तावित धरणांविरुद्ध या भागात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. त्यात मेंढ्याची माणसे होती आणि त्या लढ्यातूनच आपल्या जंगलाविषयी आपण स्वतः बोलले पाहिजे ही जाणीव गावात पक्की झाली. गावातील देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या वाटचालीशी कायमची जोडली गेली आहेत. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा महाराष्ट्रभर पोहोचली, परंतु घोषणेपेक्षा तिच्यामागची कार्यपद्धती अधिक अभ्यासण्यासारखी आहे.

त्या पद्धतीची दोन अंगे आहेत. पहिले म्हणजे ग्रामसभेत निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतो. एखाद्याचा विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो, त्या माणसाचे म्हणणे ऐकले जाते, आणि सर्वांना मान्य होईल असा मार्ग सापडेपर्यंत चर्चा चालू राहते. हे संथ आहे, यात शंका नाही. परंतु बहुमताच्या निर्णयात हरलेला गट अंमलबजावणीच्या वेळी बाजूला उभा राहतो किंवा अडथळा आणतो, आणि जंगलाच्या राखणीसारख्या कामात एका घराने नियम मोडला तरी नियमाचा अर्थ संपतो. तिथे निर्णयाला लागलेला वेळ राखणीच्या वेळी भरून निघतो. दुसरे अंग म्हणजे अभ्यासगट. गावातील ज्यांना इच्छा आहे ते आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून एखादा विषय समजून घेतात : वनकायदा काय म्हणतो, जमिनीच्या जुन्या नोंदींत काय आहे, मधाचे पोळे न जाळता मध कसा काढता येईल. अभ्यासगटाला निर्णयाचा अधिकार मात्र नसतो, तो ग्रामसभेचाच. ज्ञान आणि सत्ता यांची ही फारकत हाच मेंढ्याचा सर्वांत मौलिक नवोपक्रम म्हणावा लागेल. बाहेरून आलेला तज्ज्ञ, कार्यकर्ता किंवा अधिकारी कितीही विद्वान असला तरी तो गावासाठी ठरवू शकत नाही, आणि गावही ‘आम्हाला काय कळते’ म्हणून ठरवण्याची जबाबदारी टाळू शकत नाही. विकासाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या अनेक सदिच्छ संस्थांची गाडी जिथे अडते, तेथील पेच या छोट्या गावाने इतक्या साध्या नियमाने सोडवला आहे.

अभ्यासाचे फळ कालांतराने मिळाले. गावाने निस्ताराचे, म्हणजे घरगुती गरजेपुरते लाकूड, बांबू, चारा घेण्याचे, जुन्या काळापासूनचे हक्क शोधून काढले. बाहेरच्यांनी ग्रामसभेला विचारल्याशिवाय जंगलात काम करू नये अशी भूमिका घेतली. दारूबंदीचा निर्णय झाला, आणि त्यासाठीच्या चर्चेत स्त्रियांचा आवाज महत्त्वाचा होता. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले, १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना नैसर्गिक साधनांविषयी अधिकार दिले, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीची राखण व व्यवस्थापन करण्याचा गावाचा हक्क मान्य केला. हे कायदे आले तेव्हा मेंढा तयार होते. ऑगस्ट २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क या गावाला मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांत ते होते.

हक्काचा कागद हाती आल्यावरही प्रश्न सुटला नाही, आणि पुढची दोन वर्षे या विषयात सर्वांत बोधक आहेत. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार बांबू हा वृक्षात गणला जाई, तर नव्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज, म्हणजे लाकडाव्यतिरिक्तचे वन-उत्पादन, ठरवून त्यावर गावाची मालकी मान्य केली होती. वनविभाग जुन्या व्याख्येला धरून राहिला, आणि वाहतूक परवाना नसेल तर तोडलेला बांबू गावाबाहेर नेता येत नसल्याने मालकी असूनही विक्री अशक्य झाली. गावाने नियमांचा अभ्यास, पत्रव्यवहार आणि शांततामय आग्रह यांच्या बळावर हा प्रश्न केंद्र सरकारपर्यंत नेला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक मेंढ्याच्या ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. एक परवानापुस्तक वनखात्याच्या कार्यालयातून ग्रामसभेच्या पेटीत आले, एवढीच ही घटना. पण तिच्यामुळे बांबू कधी तोडायचा, किती तोडायचा, कोणत्या भावाने कोणाला द्यायचा आणि आलेल्या पैशाचे काय करायचे हे सारे प्रश्न पहिल्यांदाच गावाचे झाले. गावाला हिशेब ठेवावे लागले, निविदा काढाव्या लागल्या, बँकेचे व्यवहार आणि करांचे नियम समजून घ्यावे लागले. जबाबदारीतून क्षमता येते, क्षमता आधी सिद्ध करा मग जबाबदारी देऊ हा प्रशासनाचा नेहमीचा क्रम उलटा आहे, हे मेंढ्याने दाखवून दिले. या वाटेने पुढे गडचिरोली जिल्ह्यातील हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आणि अनेक ग्रामसभा तेंदूपत्ता व बांबू यांचे लिलाव स्वतः करू लागल्या. मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात हा प्रवास तपशिलाने नोंदवला आहे, आणि मराठी वाचकाने तो मुळातून वाचावा इतका तो समृद्ध आहे.

सामाईक साधने लोकांच्या हाती दिली तर ती ओरबाडली जातील, ही भीती जुनी आहे. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये ती सिद्धांताच्या रूपात मांडली आणि त्यावर उपाय म्हणून सरकारी नियंत्रण किंवा खासगी मालकी हे दोनच मार्ग धोरणकर्त्यांच्या मनात ठसले. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात जगभरची कुरणे, मासेमारीची क्षेत्रे आणि सिंचनव्यवस्था तपासून दाखवले की हद्द स्पष्ट असेल, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतील, राखण करणारे त्यांनाच उत्तरदायी असतील आणि वरची सत्ता त्यांच्या नियम करण्याच्या हक्कात ढवळाढवळ करत नसेल, तर लोक साधने पिढ्यान्‌पिढ्या टिकवतात. या कार्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मेंढ्याला वनहक्क मिळाला तेही हेच वर्ष. ऑस्ट्रम यांच्या अटींपैकी शेवटची, वरच्या सत्तेने मान राखण्याची अट, आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित राहिली आहे.

पाण्याच्या बाबतीत असाच मूलगामी विचार पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात झाला. १९७२ च्या दुष्काळात या भागातील लोकांची ससेहोलपट पाहून पुण्यातील अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे नायगाव येथे आले, देवस्थानची ४० एकर उजाड जमीन कराराने घेऊन त्यांनी मृद व जलसंधारणाचे प्रयोग केले, ग्रामगौरव प्रतिष्ठान स्थापन केले आणि त्यातून पाणी पंचायतीची कल्पना आकाराला आली. बांध घालणे, पाझर तलाव बांधणे, पाणी उपसून शेतापर्यंत नेणे हे तंत्र नवे नव्हते. नवा होता तो वाटपाचा नियम. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या प्रमाणात द्यायचे : माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. पाण्यावरचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, त्यामुळे जमीन विकली तरी पाणी विकता येत नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा आहे. ऊस आणि तत्सम पाणीखाऊ पिके घ्यायची नाहीत. योजनेच्या खर्चाचा २० टक्के भाग सभासदांनी स्वतः उचलायचा आणि पाण्याचे वाटप गटाने नेमलेल्या पाटकऱ्यामार्फत करायचे.

या नियमांचा अर्थ खोल आहे. महाराष्ट्रातील सिंचनाची सारी रचना जमिनीभोवती उभी आहे. ज्याची जमीन कालव्याखाली त्याला पाणी, ज्याची जास्त त्याला जास्त. पाणी पंचायतीने ‘पाणी कोणाचे’ या प्रश्नाला ‘माणसाचे’ असे उत्तर दिले आणि गावातील संपत्तीच्या उतरंडीला हात घातला. म्हणूनच तिचे तंत्र सहज पसरले, परंतु तिचे तत्त्व पसरू शकले नाही. ओडिशाने २००२ मध्ये आपल्या सिंचन कायद्याला पाणी पंचायतीचेच नाव दिले, पण त्यातील सभासदत्व लाभक्षेत्रातील जमीनधारकांचे ठेवले; महाराष्ट्रानेही २००५ मध्ये सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवणारा कायदा केला, त्यातील पाणीवापर संस्थाही जमीनधारकांच्याच आहेत. या कायद्यांनी शेतकऱ्यांना काही अधिकार दिले हे खरे आणि ते स्वागतार्हही आहे, परंतु भूमिहीन मजूर आणि जमीन नावावर नसलेली स्त्री पाण्याच्या निर्णयातून पुन्हा बाहेरच राहिली. एखादा नवोपक्रम सरकार स्वीकारते तेव्हा त्यातील कोणता भाग उचलला आणि कोणता मागे ठेवला हे बारकाईने तपासले पाहिजे. मागे राहतो तो बहुधा सत्तेच्या फेरवाटपाचाच असतो.

आरोग्याच्या क्षेत्रातील अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले तेव्हा प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत टिकत नाहीत असे त्यांच्या लक्षात आले, आणि त्यांनी गावानेच निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर, अनेकदा दलित समाजातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. जी स्त्री गावात सर्वांत खालच्या पायरीवर होती तिच्याकडेच बाळंतपणासाठी आणि तापासाठी सल्ला मागायला सवर्णांना जावे लागू लागले. जामखेडच्या परिसरात हातपंप दलित वस्तीत बसवण्याचा आग्रहही धरला गेला, कारण मग पाण्यासाठी सर्वांनाच तिथे यावे लागे. आरोग्याची गरज आणि जातीची उतरंड हे दोन वेगळे प्रश्न नाहीत हे ओळखून एकाच उपायाने दोन्हींना भिडणे, याहून अधिक स्वच्छ असे सामाजिक नवोपक्रमाचे उदाहरण सापडणे अवघड आहे. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने हा विचार शास्त्रीय कसोटीवर उतरवला. ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास अडकला तर उपचार करणे, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविके देणे हे सारे शिकवण्यात आले, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. पुढे २०११ पासून घरोघरी नवजात बालसेवा हा देशातील आशा कार्यकर्त्यांच्या कामाचा भाग झाला. लाखो बाळांपर्यंत सेवा पोहोचवणारा हा विस्तार फार मोलाचा आहे. तरीही विस्तारात काही हरवले, तेही नोंदवले पाहिजे. आशा कार्यकर्ती शासनाच्या लेखी स्वयंसेविका राहिली, तिला नियमित वेतनाऐवजी कामागणिक मोबदला मिळतो, तिचे अहवाल वर तालुक्याकडे आणि जिल्ह्याकडे जातात, गावाकडे क्वचितच. ज्ञान गावात पोहोचले, परंतु त्याची सूत्रे गावाबाहेरच राहिली, आणि राबणाऱ्या स्त्रीच्या नागरिकत्वाला तिच्या श्रमाएवढाही मान मिळाला नाही.

गावाच्या हाती सत्ता देण्याच्या या साऱ्या मांडणीला एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो मांडणारे खुद्द संविधानाचे शिल्पकार आहेत. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी खेडे हा राज्यरचनेचा पाया मानण्यास कडाडून विरोध केला, कारण गावगाडा म्हणजे संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचे घर आहे हा त्यांचा अनुभवसिद्ध निष्कर्ष होता. या इशाऱ्याला भावनिक उत्तर देऊन भागत नाही. मेंढ्यात सर्वसहमती शक्य झाली त्यामागे गाव लहान असणे, एकाच समाजाचे असणे आणि जमिनीची विषमता फार तीव्र नसणे ही कारणे आहेत. ज्या गावात मजुराची रोजी ज्याच्या शेतावर अवलंबून आहे त्याच्याविरुद्ध सभेत हात वर करणे मजुराला परवडत नाही, तिथे सर्वसहमतीचा अर्थ सबळांची संमती असाही होऊ शकतो. म्हणूनच लोकसहभागाला नुसती सभा पुरत नाही. दुर्बलांचा वाटा आधीच पक्का करणारा नियम लागतो, जसा पाणी पंचायतीत भूमिहीनांसाठी होता, आणि सभेपलीकडे दाद मागता येईल असे न्यायाचे दार लागते. स्थानिक लोकशाही आणि संविधानाने दिलेले व्यक्तीचे हक्क यांपैकी एकाची निवड करायची नाही. पहिली दुसऱ्यांच्या चौकटीतच निरोगी राहते. शिवाय सहभागाला वेळ लागतो, आणि रोजंदारीवर जगणाऱ्यासाठी सभेतली दुपार म्हणजे बुडालेली मजुरी असते, ही साधी गोष्ट सहभागाचे कौतुक करणाऱ्या लिखाणात फार कमी वेळा येते.

शहरांत चित्र वेगळे आहे. पुण्यात कचरा वेचणाऱ्या स्त्रियांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली आणि तिच्यातून २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही कष्टकऱ्यांच्याच मालकीची सहकारी संस्था निघाली, जी महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. ज्यांच्याकडे चोर म्हणून पाहिले जाई त्या स्त्रिया ओळखपत्र लावून, दरमहा शुल्क घेऊन शहराला सेवा देऊ लागल्या. परंतु कंत्राटदारांच्या स्पर्धेत हा करार दर वेळी नव्याने टिकवावा लागतो, कारण तो महापालिकेच्या मर्जीवर आहे, हक्कावर नाही. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी सूचना मागवण्याची पद्धतही सुरू केली. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून लोक मोहल्ल्याच्या सभांत बसून खर्चाचा अग्रक्रम ठरवत, त्या प्रयोगाशी हिचे नाते आहे. मात्र पुण्यात नागरिक अर्ज भरतो आणि निर्णय प्रशासन व नगरसेवक घेतात. शेजाऱ्यांनी एकत्र बसून, एकमेकांची गरज ऐकून, आपल्या मागणीचा हट्ट सोडण्याचा प्रसंगच त्यात येत नाही. पदपथ, बाक आणि दिवे यांच्या मागण्या येतात. पाणीवाटपाचा किंवा झोपडपट्टीतील मलनिस्सारणाचा प्रश्न एकट्याच्या अर्जात मावत नाही.

असे एकत्र बसण्याची कायदेशीर जागा शहरात असावी म्हणून महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली. प्रभागातील काही मतदान केंद्रांच्या परिसरातील सर्व मतदार हे तिचे सदस्य, आणि परिसरातील कामांचा अग्रक्रम सुचवणे, त्रुटी दाखवणे हे तिचे काम. ही तरतूद प्रत्यक्षात उतरलीच नाही. क्षेत्रसभा भरवाव्यात म्हणून नागरिक संघटनांनी वेळोवेळी मागणी केली, निवेदने दिली, तरीही स्थिती बदलली नाही. परिणामी मेंढ्यातील मतदाराला आपल्या परिसराविषयी ठराव करण्याचा जो कायदेशीर मंच आहे, तो मुंबई, पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील मतदाराला आजही नाही. त्यातच अलीकडच्या काळात राज्यातील बहुतेक महापालिकांचा कारभार निवडणुका लांबल्यामुळे काही वर्षे प्रशासकांच्या हाती राहिला, आणि नगरसेवक हा नागरिक व महापालिका यांच्यातील उरलासुरला दुवाही तेवढा काळ नव्हता. क्षेत्रसभा मागण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. आपल्या प्रभागातील मतदान केंद्रांची यादी, २००९ च्या दुरुस्तीची प्रत आणि शेजारच्या दहा-वीस घरांतील माणसे, एवढ्यावर एखाद्या वस्तीचा पहिला अभ्यासगट सुरू होऊ शकतो.